इंजिन सुरू असेल तरच वीज!
बॅटरी उतरू न देणारा मोटारीतील दाबसंवेदी स्विच

प्रतिनिधी

कोल्हापूर - राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये बंगल्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या मोटारींची संख्या मोठी आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेले कुटुंब तीन-चार दिवसांनी परतते, किल्ली फिरवते आणि स्टार्टरमधून केवळ 'टक्' असा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते. अलीकडे याचे एक कारण म्हणजे मोटारीत बाहेरून बसविलेली उपकरणे. डॅशबोर्डवरील कॅमेरा, संगीताचा अँप्लिफायर, मोबाईलचा चार्जर यांना थेट बॅटरीची वीज दिली, तर इंजिन बंद झाल्यावरही ती वीज ओढत राहतात.

साधा हिशेब पाहू. एखादे उपकरण 300 मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेत असेल, तर 35 अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी साधारण 58 तासांत निम्म्यावर येते. म्हणजे शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी दगा देण्याच्या बेतात असते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि तिचे आयुष्य घटते.

दाब काय सांगतो?

या दुखण्यावरचा उपाय बॅटरीच्या विद्युतदाबातच दडलेला आहे. पूर्ण भरलेल्या आणि स्वस्थ असलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज भरू लागला, की तो सामान्यतः 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. दाब 13.3 व्होल्टच्या वर गेल्यावर उपकरणे सुरू करणारा आणि 12.8 च्या खाली आल्यावर ती बंद करणारा स्विच असेल, तर इग्निशनच्या तारांना हात न लावता काम भागते.

ही कल्पना जुन्या मेकॅनिकांना परकी वाटणार नाही. डायनामो असलेल्या जुन्या अँबेसिडर आणि फिएट गाड्यांत 'कटआउट' नावाची डबी असे. डायनामोचा दाब पुरेसा वाढला की ती जोडणी करी आणि दाब घसरला की तोडी. आपला स्विच हा त्याच कटआउटचा इलेक्ट्रॉनिक वारस होय.

मंडलाची मांडणी

मंडलाचा मेंदू म्हणजे एलएम 393 हा कंपॅरेटर, अर्थात दोन दाबांची तुलना करणारी आठ पायांची चिप. तिच्या दुसऱ्या पायाला 5.1 व्होल्टच्या झेनर डायोडचा स्थिर दाब द्यावा, झेनरला 2.2 किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून वीज मिळते. तिसऱ्या पायाला बॅटरीच्या दाबाचा ठराविक हिस्सा द्यावा. त्यासाठी वर 10 किलो-ओहम आणि खाली 4.7 किलो-ओहमच्या जोडीला 5 किलो-ओहमचा प्रिसेट अशी विभागणी करावी. खालची बाजू 6.2 किलो-ओहमच्या आसपास असताना 13.3 व्होल्टचा हिस्सा 5.1 व्होल्टच्या जवळ येतो.

आठव्या पायाला 100 ओहममधून धन आणि चौथ्याला ऋण जोडावे. दाबाच्या झटक्यांपासून रक्षण व्हावे, म्हणून या दोन पायांमध्ये 18 व्होल्टचा झेनर आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. चिपचा दुसरा अर्धा भाग वापरात नसल्याने पाचवा व सहावा पाय ऋणाला जोडावा. पहिला पाय हे निर्गम टोक. त्याला 4.7 किलो-ओहममधून धन दाब द्यावा आणि पुढे 10 किलो-ओहममधून बीसी 547 ट्रान्झिस्टरचा बेस जोडावा. हा ट्रान्झिस्टर 12 व्होल्टचा, सुमारे 400 ओहम कॉइलचा छोटा रिले चालवितो. कॉइलवर 1एन 4007 डायोड उलटा लावणे अनिवार्य आहे; अन्यथा रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर जाळतो.

थरथर का टाळावी?

दाब नेमका सीमारेषेवर घुटमळू लागला, तर रिले सतत टकटकत राहील आणि त्याचे संपर्कबिंदू जळतील. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या पायांमध्ये 180 किलो-ओहमचा रेझिस्टर जोडावा. त्यामुळे सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा दाब यांत सुमारे अर्ध्या व्होल्टचे अंतर पडते. दोन सीमा ठेवण्याची ही युक्ती अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केली. आजही तिला 'श्मिट ट्रिगर' म्हणतात.

गाडीत बसविण्यापूर्वी मंडल टेबलावर बदलत्या दाबाच्या वीजपुरवठ्याला जोडावे. दाब 13.3 व्होल्ट ठेवून रिले ओढला जाईल तेथे प्रिसेट थांबवावा. मग दाब हळूहळू उतरवून रिले 12.8 च्या आसपास सुटतो ना, याची मल्टिमीटरने खात्री करावी. गाडीत मात्र इंजिन बंद केल्यावर बॅटरीचा दाब काही मिनिटे चढाच राहतो. त्यामुळे उपकरणे थोड्या उशिरा बंद झाली तर तो दोष समजू नये. मंडल स्वतः विश्रांतीत सुमारे 8 मिलिअँपिअर घेते. आठवडाभराचा हा खर्च दीड अँपिअर-अवरपेक्षाही कमी आहे.

सावधगिरी हवीच

बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ फ्यूज हवाच. उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली, तर फ्यूजविना आग लागण्यास क्षण पुरतो. कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला 5 अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. काम करताना बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे आणि एअरबॅगच्या तारांना हात लावू नये. वॉरंटीतील गाडीच्या तारांमध्ये फेरफार करण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचणे हिताचे ठरते.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. अनेक नव्या गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी संगणक अल्टरनेटरचा दाब प्रसंगी 12.5 व्होल्टच्या आसपासही उतरवितो. अशा गाडीत हा स्विच चालत्या इंजिनावरही बंद पडेल. त्यासाठी मल्टिमीटर लावून वेगवेगळ्या वेगांत, दिवे लावून आणि विझवून दाब पाहावा. तो सतत 13.5 च्या वर राहत असेल, तरच हा मार्ग योग्य. अन्यथा इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजमधून रिले चालविणे बरे. सोल्डरिंगला हात घालण्यापूर्वी केलेली ही दहा मिनिटांची तपासणीच पुढचा मनस्ताप वाचवील.