पडद्यावरचे दंडकारण्य

गडचिरोली-बस्तरच्या सशस्त्र संघर्षावरील चित्रपटांचा आढावा बहुतेक समीक्षक पडद्यावर पहिली बंदूक दिसते तिथून सुरू करतात. सुरुवात खरे तर आधीची आहे. १९८० साली नक्षलवाद्यांची पहिली दलमे (सशस्त्र तुकड्या) आंध्रातून या जंगलात शिरली, तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. त्याच १९८० साली गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला.

विजय तेंडुलकरांच्या या पटकथेत दलम नाही, की चकमक नाही. पत्नी नागीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू (ओम पुरी) जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर तोंड उघडत नाही. त्याचा वकील भास्कर (नसीरुद्दीन शाह) प्रश्न विचारून थकतो. नागीवर अत्याचार करून तिला मारणारे गावातलेच वजनदार लोक आहेत, हे हळूहळू उलगडते. शेवटी बापाच्या अंत्यविधीला बेड्यांतून आणलेला लहान्या स्वतःच्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तिच्या वाट्याला नागीचे नशीब येऊ नये म्हणून. आणि मग त्याचा आवाज फुटतो. डाव्या कार्यकर्त्याच्या भूमिकेत नाटककार महेश एलकुंचवार आहेत. नागी झालेल्या स्मिता पाटील मूळच्या खानदेशातल्या शिरपूरच्या घराण्यातल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी मुळे असलेल्या या अभिनेत्रीने संवादांच्या फारशा आधाराशिवाय जे उभे केले, त्याची दखल खानदेशातही पुरेशी घेतली गेली नाही. चित्रपटाला १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. हे केवळ न्यायालयीन नाट्य, संघर्षपट नव्हे, असे म्हणणारे अभ्यासक आजही भेटतात. जंगलातला माणूस शस्त्र का उचलतो याचे उत्तर मात्र नंतरच्या डझनभर गोळीबारांपेक्षा लहान्याच्या मौनात अधिक आहे.

पुढची दोन दशके भराभर ओलांडता येतात. निहलानींचाच ‘हजार चौरासी की माँ’ (१९९८) कोलकात्याच्या मध्यमवर्गात राहतो. गगनविहारी बोराटे यांचा ‘लाल सलाम’ (२००२) नंदिता दास, मकरंद देशपांडे असूनही विस्मरणात गेला. अनंत महादेवन यांच्या ‘रेड अलर्ट’ (२०१०) मध्ये सुनील शेट्टी आहे, एवढी नोंद पुरे.

प्रकाश झांच्या ‘चक्रव्यूह’मध्ये (२०१२) दोन मित्रांची कथा आहे: एक पोलीस अधिकारी, दुसरा खबऱ्या म्हणून दलमात शिरून तिथलाच होणारा. आदिवासी बहुतेक वेळ गर्दीत. एक योगायोग मात्र लक्षात राहतो: बत्तीस वर्षांपूर्वीचा लहान्या, ओम पुरी, इथे चळवळीचा वयस्क विचारवंत आहे आणि आता भरभरून बोलतो. समृद्धी पोरे यांच्या ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’मध्ये (२०१४) माडिया आदिवासी रुग्ण म्हणून येतात. संघर्ष दूर पार्श्वभूमीला राहतो.

अमित मसुरकरचा ‘न्यूटन’ (२०१७) या सगळ्यांत उजवा ठरतो. शहात्तर मतदारांच्या केंद्रावर निवडणूक घ्यायला आलेला कारकून, त्याला लवकर परत पाठवण्याच्या घाईत असलेला निमलष्करी अधिकारी आणि जवानांनी हाकत आणलेले मतदार, एवढ्यावर चित्रपट उभा आहे. त्याचा कणा मात्र नाशिकच्या अंजली पाटीलने केलेली माल्को ही शिक्षिका आहे. याच अभिनेत्रीने ‘चक्रव्यूह’मध्ये दलमातली जुही केली होती. माल्को गोंडी बोलते आणि सरकारची भाषा गावाला सांगते. तिच्याशिवाय पडद्यावरचे दोन्ही पक्ष एकमेकांना मुके आहेत.

आतल्या माणसाला पडद्यावर कसे आणायचे, असाच पेच रशियन चित्रपटांना चेचन्याच्या युद्धांनी घातला. सर्गेई बोद्रोव्हने टॉलस्टॉयच्या कथेवरून केलेला ‘प्रिझनर ऑफ द माउंटन्स’ (१९९६) शेजारच्या दागेस्तानात चित्रित झाला आणि कैदी रशियन सैनिकांच्या नजरेतून डोंगरी गाव पाहत राहिला. अलेक्सांद्र सोकुरोव्हच्या ‘अलेक्झांड्रा’त (२००७) एक लढाईही नाही. अधिकारी नातवाला भेटायला छावणीत आलेली आजी (गायिका गालिना विश्नेव्स्काया) बाजारात जाते आणि एका चेचन बाईच्या पडक्या घरात बसते. दंडकारण्यावर इतका शांत चित्रपट अजून झालेला नाही.

उलट आवाज वाढला. सुदीप्तो सेन यांच्या ‘बस्तर: द नक्षल स्टोरी’त (२०२४) क्रौर्याची दृश्ये एकामागून एक येतात आणि विचाराला उसंत मिळत नाही. फिल्म सोसायट्यांच्या काळात अशा चित्रपटानंतर निदान तासभर भांडण तरी होई. आता ट्रेलरवरच बाजू ठरतात.  

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकात स्थानिक आदिवासी तरुणच भरती होतात. दलमांतले साधे सैनिकही याच गोंड-माडिया पाड्यांतले. दुसऱ्या चेचन युद्धातही रशियाच्या बाजूने गेलेल्या कादिरोव्हचे चेचन बंडखोर चेचनांशी लढले, आणि तिथल्या गाजलेल्या चित्रपटांनीही ते फारसे दाखवले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याच्यावर पटकथा लिहिल्या जातीलच. एकाच पाड्यातून एक भाऊ पोलिसात आणि दुसरा दलमात गेला, त्या घरावर कॅमेरा अजून गेलेला नाही.