पदवी एकच, मग फरक कुठे?

बारावीचा निकाल लागला की अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : "पोट्ट्याले विद्यापीठातच घाला, गावाजवळच्या कालेजात काय ठेवलं हाय?" या एका वाक्यात चार-पाच गैरसमज दडलेले आहेत. त्यापायी काही मुलं उगाच खट्टू होतात आणि काही मुलींचं तर शिक्षणच थांबतं. म्हणून हे नीट समजून घेऊ.

गैरसमज : विद्यापीठ म्हणजे मोठं कॉलेज.
वस्तुस्थिती : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या 5 जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला संलग्न आहेत. विद्यापीठाच्या मार्डी रोडवरच्या परिसरात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आणि संशोधन चालतं, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चं शिक्षण प्रामुख्याने कॉलेजांतच होतं. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था तर 1923ची, विद्यापीठाहून 60 वर्षांनी जुनी.

गैरसमज : लहान कॉलेजची पदवी हलकी.
वस्तुस्थिती : संलग्न कॉलेजचा अभ्यासक्रम विद्यापीठाची अभ्यास मंडळं ठरवतात आणि पदवी विद्यापीठच देतं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, तरी पदवी विद्यापीठाचीच असते. गुणवत्तेचं नॅक मूल्यांकन मात्र विद्यापीठाचं आणि कॉलेजचं वेगवेगळं होतं. विद्यापीठाची श्रेणी कॉलेजला आपोआप लागत नाही, ती स्वतंत्रपणे पाहावी लागते.

गैरसमज : कॉलेजचे प्राध्यापक कमी शिकलेले.
वस्तुस्थिती : नियमित सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. खरी अडचण रिक्त जागांची आहे. तासिका तत्त्वावर आलेले शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते असतीलच याची हमी नसते. म्हणून प्रवेशाआधी आपल्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे विचारा.

गैरसमज : संशोधन फक्त विद्यापीठात होतं.
वस्तुस्थिती : कॉलेजातले मान्यताप्राप्त मार्गदर्शकही पीएच.डी.चे विद्यार्थी घेतात. महागडी उपकरणं विद्यापीठाकडे अधिक, हे खरंच. पण संशोधनाचा विषय पुष्कळदा कॉलेजच्या दाराशीच असतो. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ना धड ओलीत करता येतं, ना ते प्यायला चालतं. गावोगावच्या विहिरींचे नमुने हंगामागून हंगाम तपासायला तिथेच राहणारा विद्यार्थी लागतो. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी याहून जिवंत विषय कुठला?

गैरसमज : विभागातलं सगळं उच्च शिक्षण अमरावती विद्यापीठाकडेच.
वस्तुस्थिती : कृषी पदवी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ देतं, ते 1969चं. एम.बी.बी.एस. आणि नर्सिंगच्या पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. अर्ज भरण्याआधी हे पाहिलं नाही, तर धावपळ वाया जाते.

खरा फरक पदवीच्या कागदावर नसतो, तो हाताशी काय येतं यात असतो. मोठं ग्रंथालय, वसतिगृह, निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले सोबती हे विद्यापीठात आयतं मिळतं. लहान कॉलेजात ते मागून घ्यावं लागतं. कॉलेजने एन-लिस्ट या ऑनलाइन वाचन योजनेत नोंदणी केली असेल, तर ग्रंथपालांकडून लॉगिन घेऊन हजारो नियतकालिकं मोबाइलवर वाचता येतात. 'शोधगंगा'वरचे प्रबंध तर कुणालाही खुले आहेत. उलट, वर्गात मुलं मोजकी असली की प्राध्यापक प्रत्येकाला नावानिशी ओळखतात, आणि घरची पहिलीच पदवीधर होणाऱ्या मुलीला तो मोठा आधार असतो.

ज्या गाडगेबाबांचं नाव या पदवीवर छापलेलं असतं, त्यांनी खराटा हाती घेतला तो भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनच्या यात्रेत, पूर्णेच्या काठी. समोर दिसलेल्या कामापासूनच त्यांनी सुरुवात केली. जवळच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनीही तसंच करावं : तीन वर्षं मन लावून शिकावं, आणि पुढे संशोधनाची ओढ लागली तर मार्डी रोडचा रस्ता हक्काने धरावा.