गोष्ट ऐकणाराचें काम

श्रावणांतील रविवारीं ज्या घरांत आदित्यराणूबाईची कहाणी वाचली जाते, तेथील वाचकांस तिच्यांतील एक प्रसंग आठवत असेल. राणीची कहाणी सांगण्याची वेळ झाली आहे, हातांत मोत्यें आहेत, परंतु ऐकणारा कोणी नाहीं. शोध सुरू होतो. अखेर एक मोळीविक्या सांपडतो. सहा मोत्यांपैकीं तीन ती त्याला देते, तीन आपल्यापाशीं ठेवते आणि कहाणी सांगते. ती मनोभावें सांगते, तो चित्तभावें ऐकतो, आणि त्याची लांकडांची मोळी सोन्याची होते. लहानपणीं ही सोन्याची मोळीच आमच्या लक्षांत राहिली होती. अलीकडे मात्र मोत्यांच्या वांटणीकडे आमचें लक्ष अधिक जातें. सांगणारीकडे तीन, ऐकणाराकडेही तीनच. एकही कमी नाहीं.

हें आठवण्यास कारण घडलें तें अगदीं घरगुती. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं एक गोष्ट लिहिली. दुपारचें आवरल्यावर त्या कांहीं तरी लिहीत बसतात हें सर्वांस ठाऊक होतें. घरखर्चाचा हिशेब असावा असा आमचा समज. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीवांनींच आग्रह धरला, आणि सूनबाईंनीं माजघरांत सर्वांसमोर खालमानेनें ती वाचून दाखविली. घर सोडून गेलेल्या धाकट्या दिरासाठीं रोज रात्रीं ताट झांकून ठेवणारी एक वहिनी. बारा वर्षांनीं एका रात्रीं तो दीर परत येतो. वहिनी तें झांकलेलें ताट त्याच्यापुढें ठेवते. हकीकत एवढीच. पुढें दीड पान मायेची महती.

वाचन संपलें आणि अभिप्राय सुरू झाले. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "फारच छान!" कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्यानें असल्या गोष्टींचे दिवस गेले असें सांगून मोपासांचें नांव घेतलें. आणि आम्ही? आम्हीं वही मागून घेतली होती व ऱ्हस्वदीर्घ पाहत होतों. तांबड्या पेन्सिलीसाठीं हात खिशाकडे गेलाही होता.

अशा श्रोत्यांची गणना फार पूर्वींच होऊन गेली आहे. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेला राजशेखर हा मूळचा महाराष्ट्रीय घराण्यांतला. त्याची 'काव्यमीमांसा' बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९१६ सालीं पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाली. प्रतिभा दोन प्रकारची, असें तो म्हणतो: रचणाराची ती कारयित्री आणि आस्वाद घेणाराची ती भावयित्री. म्हणजे ऐकण्यासही प्रतिभा लागते. पुढें तो भावकांचे चार वर्ग करितो. अरोचकी, म्हणजे ज्यास कांहींच रुचत नाहीं. सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सर्व गिळणारा. मत्सरी, ज्यास गुण दिसतात पण बोलवत नाहींत. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मर्मापर्यंत पोंचतो व जो हजारांत एखादा. पहिले दोन वर्ग आमच्या माजघरांत त्या रात्रीं हजर होते हें वर आलेंच आहे. तिसऱ्याविषयीं, एकत्र कुटुंबांत राहावयाचें असल्यामुळें, आम्ही मौन धरितों. चौथे आपणच, असा आमचा इतकीं वर्षें समज होता.

त्याच ग्रंथांत कवीची दिनचर्या आहे. सकाळीं लिहिलेलें दिवसाच्या चौथ्या प्रहरीं मोजक्या मंडळींबरोबर पारखावें, कारण रचना करीत असतां मन रसांत बुडालेलें असतें आणि तेव्हां विवेक चालत नाहीं. अर्धवट झालेलें वाचून दाखवूं नये, नाहीं तर तें अर्धवटच राहतें. आणि नवें काव्य एकट्या माणसापुढें कधींही वाचूं नये. तो उद्यां तें आपलें म्हणूं लागला तर साक्षीदार कोण आणावा? (लेखक मंडळींची राजशेखरास चांगलीच पारख होती असें दिसतें.) त्याची पत्नी अवंतिसुंदरी विदुषी होती, आणि तिचीं मतें तो ग्रंथांत तिच्या नांवानिशीं देतो. तेव्हां घरांतील परिषद ही कांहीं कमी प्रतीची परिषद नव्हे.

आतां आमच्या तांबड्या पेन्सिलीचें सांगावयास पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं नववींतल्या एका मुलानें आम्हांस एक वही आणून दिली होती. तींत त्यानें गोष्ट लिहिली होती. घरचा बैल विकावयाचा आहे व वडील आणि मुलगा त्याला बाजारास घेऊन निघाले आहेत, अशी. आम्हीं ती एका रात्रींत तपासली. त्रेचाळीस चुका निघाल्या. शेवटीं 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावें' असा शेरा मारून वही परत केली. बैलाविषयीं एक अक्षरही लिहिलें नाहीं. पुढें तो मुलगा दुसरी गोष्ट घेऊन आला नाहीं, आणि तो आला नाहीं हेंही आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं त्याच्या कापडाच्या दुकानांत गांठ पडली. त्यानें उठून नमस्कार केला. आम्हीं सहज विचारलें, "हल्लीं कांहीं लिहितोस कीं नाहीं?" तो म्हणाला, "छे हो, गुरुजी! पण माझ्या बिलांत एक चूक सांपडायची नाहीं," आणि मोकळेपणानें हंसला. आम्हीं धोतरजोडी घेतली व घरीं आलों. तो बैल अखेर विकला गेला कीं नाहीं, हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं.

नवशिक्याच्या लेखनाकडे याहून वेगळ्या रीतीनें पाहतां येतें. १९३३ सालीं निघालेल्या व १९८२ सालीं बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन नवोदितांस सविस्तर पत्रें लिहीत, कथा परत पाठवून ती पुन्हां लिहावयास सांगत. त्याचा कित्येकांस रागही येई. पण ज्यास तें पत्र आलें, त्यास आपली गोष्ट कोणीं तरी शेवटपर्यंत वाचली आहे एवढें तरी निश्चित कळे. 'छान' म्हणून मिटलेल्या वहीस तें कळत नाहीं, आणि मोपासांच्या नांवानें मिटलेल्या वहीसही नाहीं. लिहिणारास हवें असतें तें हें कीं, ऐकणाराचें मन कोठें गुंतलें, कोठें भटकलें, कोठें अडलें. पंचतंत्रांत कोणी एक सूचक वाक्य बोलतो, दुसरा 'तें कसें?' असें विचारतो, आणि मग गोष्ट सुरू होते. विष्णुशर्म्यानें तो प्रश्न शेंकडों पानांत कोठें वगळलेला नाहीं.

त्या रात्रीं तो प्रश्न आमच्या मातोश्रींनीं विचारला. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत. हातांत जपाची माळ, डोळे मिटलेले. त्यांना डुलकी लागली असावी असेंच आम्हांस वाटलें होतें. त्या म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांनीं तो आला, ताटही पुढें केलंस. पण ताटांत होतं काय?"

सूनबाई गोंधळल्या. "म्हणजे... जेवण होतं, आजी."

"जेवण खरं, पण कसलं? बारा वर्षांत घर होतं तसंच राहिलं का? आणि ती बाई स्वतः जेवली होती का त्या रात्रीं?"

कोणीच बोललें नाहीं. सूनबाईंनीं आमच्या हातांतून वही घेतली आणि त्या आंत गेल्या. पेन्सिल खिशांतच राहिली.

आठ दिवसांनीं गोष्ट पुन्हां वाचली गेली. मायेची महती सांगणारें दीड पान त्यांतून गेलें होतें. आतां ताटांत अर्धी भाकरी आणि चटणी होती. दीर विचारतो, "वहिनी, तुझं झालं?" ती म्हणते, "मघांशींच," आणि उठून पाणी आणावयास जाते. गोष्ट तेथेंच संपते. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. हातांतली माळ मात्र थांबली होती. पुतण्यानें वही मागून घेतली व शेवटचें पान पुन्हां मनांत वाचलें.

ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका होत्या. त्या आम्हीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं निराळ्या कागदावर, काळ्या शाईनें लिहून सूनबाईंना दिल्या.