जुन्या हायब्रिड मोटारीचा खरा खर्च

मुंबईच्या उत्तर उपनगरात गोराई हे नाव खाडीच्या दोन्ही तीरांना मिळाले आहे. पूर्व तीरावर बोरिवलीची गोराई वसाहत आहे, तर पश्चिम तीरावर समुद्रकाठचे जुने गोराई गाव. बोटीने हे अंतर काही मिनिटांचे. मोटारीने मात्र दहिसर, भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा पडतो. या दोन तीरांवरील दोन कुटुंबांनी एकाच किमतीची, एकाच वयाची जुनी हायब्रिड मोटार विकत घेतली, तर तिचा खर्च दोघांस सारखाच पडेल काय? पडणार नाही, आणि तो का पडणार नाही, हे कळले म्हणजे या मोटारीचे सारे अर्थशास्त्र उलगडते.

हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन यंत्रे जोडीने काम करतात. साध्या मोटारीत ब्रेक लावला की गतीची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमध्ये तिचा पुष्कळसा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत साठतो आणि पुन्हा चाकांस मिळतो. म्हणून जेथे घडोघडी थांबावे लागते, तेथेच तिचा खरा लाभ. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचे काम थोडे, तेव्हा लाभही थोडा.

भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ साली, टोयोटा प्रियस २०१० साली आणि कॅम्री हायब्रिड २०१३ साली विक्रीस आली. २०१५ च्या सुमारास ‘सौम्य हायब्रिड’ म्हणून निघालेल्या मोटारी निराळ्या होत. त्यांतील विजेचे यंत्र इंजिनास केवळ हातभार लावते. एकट्या विजेवर त्या चालत नाहीत. जाहिरातीतील ‘हायब्रिड’ हा शब्द वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

आता मुख्य खर्चाकडे, म्हणजे बॅटरीकडे वळावे. २०१० च्या प्रियसमध्ये सहा-सहा घटांचे २८ संच, म्हणजे एकंदर १६८ घट, एकामागून एक जोडलेले असतात. साखळीचे बळ तिच्या दुबळ्या कडीइतकेच. एक संच बिघडला की सारी बॅटरी अडते. तेवढाच संच बदलून देणारे कारागीर आहेत. परंतु उरलेले संचही त्याच वयाचे असल्यामुळे आज एक, तर काही महिन्यांनी दुसरा, असे ठिगळ लावणे चालू राहते. उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू होय. तिला थंड ठेवणारा पंखा मागच्या आसनाजवळून हवा ओढतो. तेथील जाळी धुळीने बुजली की घटांचे आयुष्य घटते. खाऱ्या हवेने जोडपट्ट्या गंजतात आणि मोटार दीर्घकाळ उभी राहिल्यास घट आपोआप रिते होतात. हे शेवटचे दोन्ही दोष समुद्रकाठी, अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या वाट्यास अधिक येतात.

आता आकडे मांडून पाहावे. साधी मोटार शहरात लिटरला १२ किलोमीटर आणि हायब्रिड १८ किलोमीटर चालते, पेट्रोलचा दर १०० रुपये आहे आणि पाच वर्षांत नव्या बॅटरीस दोन लाख रुपये लागणार आहेत, असे हिशेबाच्या सोयीसाठी धरावे. बॅटरीपोटी दरमहा सुमारे ३,३०० रुपये बाजूस काढावे लागतील. वसाहतीतील गृहस्थ रोज अंधेरीस कचेरीला जातो आणि महिन्यास १,००० किलोमीटर मोटार चालवितो. त्याचे सुमारे २८ लिटर, म्हणजे २,८०० रुपये वाचतात. तूट ५०० रुपयांची. गावातील कुटुंब रोज बोटीने पलीकडे जाते व मोटार केवळ रविवारी बाहेर काढते. महिन्यास २५० किलोमीटर धरले, तर त्याची बचत ७०० रुपयांची आणि तूट २,६०० रुपयांची! उत्तनच्या मोकळ्या रस्त्यावर तर ही बचतही पुरती हाती येणार नाही.

दुसऱ्या पारड्यात काही जमाही आहे. प्रियसला निराळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेकचे पॅडही पुष्कळ टिकतात. उलट, उच्च दाबाच्या नारिंगी तारांना हात लावणे हे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे काम नव्हे. त्यासाठी जाणता माणूस आणि त्याची मजुरी हवी.

शिवाय सरकारी देणे निराळेच. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००८ च्या सिव्हिकची मुदत २०२३ मध्येच संपली. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीस ५,००० रुपये, तर आयात केलेल्या मोटारीस ४०,००० रुपये असे ठरविण्यात आले. सिव्हिक हायब्रिड आणि प्रियस या दोन्ही बाहेरून तयार होऊन आलेल्या. म्हणून आपली मोटार कोणत्या वर्गात मोडते, याची चौकशी परिवहन कार्यालयात सौद्यापूर्वीच करावी. महाराष्ट्राचा पर्यावरण कर त्याखेरीज आहे.

तेव्हा घेणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. बॅटरीच्या प्रत्येक संचाची तपासणी यंत्रावर करून घ्यावी; नव्या बॅटरीचा दर लेखी मागवावा; आणि तो दर मोटारीच्या किमतीत मिळवून मगच ती स्वस्त की महाग हे ठरवावे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

पेट्रोल पंपावर वाचलेला पैसा हा नफा नव्हे, ती बॅटरीची ठेव आहे. जो ही ठेव दरमहा बाजूस ठेवू शकतो आणि जो रोज गर्दीतून जातो, त्याला जुनी हायब्रिड मोटार, योग्य किमतीस मिळाल्यास, खुशाल घेता येईल. ज्याची मोटार सहा दिवस अंगणात उभी राहावयाची, त्याने साधी मोटार घ्यावी, आणि खाडी बोटीनेच ओलांडावी.