फ्रँकलिनचा गृहपाठ आणि दहावीची कविता

ठाणे, कल्याण, डोंबिवली. कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, क्लासच्या पाट्या संपता संपत नाहीत. तिथल्या इंग्रजी माध्यमातल्या दहावीच्या मुलांना कुमारभारतीतल्या कवितेचे रसग्रहण लिहावे लागते. मुद्दे ठरलेले: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. ठरलेले आहेत म्हणूनच ते पाठही होतात.

टागोरांची ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ घ्या. अलंकार ‘रिपिटिशन’, हे कोणीही लिहितो. पण ती पुनरुक्ती करते काय? अख्खी कविता एकच वाक्य आहे. ‘व्हेअर’ची उपवाक्ये एकामागून एक येत राहतात आणि मुख्य क्रियापद थेट शेवटच्या ओळीत उमटते. देश जागा होण्याची वाट वाचकाला व्याकरणातूनच पाहावी लागते. एवढे दिसले की विश्लेषण सुरू झाले.

आणि हे दिसणे सरावाने येते. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते नुसते घोटणे पुरत नाही. अवघड जागा निवडायची, चूक लगेच कळायला हवी आणि तीच जागा पुन्हा घ्यायची. लेखनात ही जागा म्हणजे एक वाक्य. न्यूयॉर्कच्या न्यू डॉर्प हायस्कूलने ज्युडिथ हॉकमन यांची पद्धत स्वीकारली. तिच्यात एकच विधान ‘बिकॉज’, ‘बट’ आणि ‘सो’ने तीनदा पूर्ण करायचे असते. दिसायला बालिश, करताना घाम फुटतो.

अडचण तपासण्याची. भरलेल्या वर्गात प्रत्येकाची चूक लगेच सांगणार कोण? अठराव्या शतकातल्या बेंजामिन फ्रँकलिनने यावर तोड काढली होती. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातल्या निबंधातील वाक्यांची तो त्रोटक टिपणे करी, काही दिवस बाजूला ठेवी, मग त्यांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून पाही. कधी टिपणे मुद्दाम विस्कटून पुन्हा क्रम लावी. आपल्याकडे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी वाक्य घटवून घेतले. युक्तिवाद हा मात्र तिचा प्रांतच नव्हता.

म्हणून बाजारातले गाईड मला टाकाऊ वाटत नाही. त्यातले रसग्रहण वाचावे, चार शब्दांत टिपावे, आठवडाभर मिटून ठेवावे, स्वतः लिहावे, मग दोन्ही शेजारी ठेवावीत. गाईड ‘रिपिटिशन’वर थांबले असेल आणि मुलाच्या वहीत तिच्यापुढे एक ‘बिकॉज’ असेल, तर लाल शाई गाईडवर चालवावी.