कटक मंडळ, अहमदनगर

लष्करी छावणीच्या हद्दीतील नागरी वस्तीचा कारभार पाहणारी, परंतु लष्करी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चालणारी स्थानिक संस्था. बोलीत तिला ‘कॅन्टोन्मेंट बोर्ड’ किंवा ‘छावणी परिषद’ म्हणतात. भारतात दीर्घकाळ अशी ६२ छावणी-क्षेत्रे होती. त्यांपैकी पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) ही सात महाराष्ट्रातील होत. अहमदनगरच्या छावणीतील मुख्य नागरी वस्ती म्हणजे भिंगार.

लष्करी अंमल व स्थानिक शासन यांचा संबंध दोन प्रकारे येतो. पहिला प्रकार तात्पुरता : बंडाळीच्या किंवा सत्तांतराच्या काळी लष्कर मुलकी सत्ता हाती घेते. शेजारच्या सोलापुरात १२ मे ते ३० जून १९३० या काळात लष्करी कायदा जारी होता. त्यापूर्वी तेथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण फडकविले होते. पाकिस्तानात १९५९ मध्ये जनरल अयुबखान यांनी ‘मूलभूत लोकशाही’ या नावाखाली सु. ८०,००० स्थानिक सदस्यांची रचना उभी केली व पुढे तिचाच राष्ट्राध्यक्षाच्या निवडीसाठी मतदारसंघ म्हणून उपयोग केला. दुसरा प्रकार कायमचा असून त्याचे उदाहरण म्हणजे छावणी. येथे देशात मुलकी राज्य आणि लोकनियुक्त सरकार असते. तथापि ठराविक सीमेच्या आत गटारे, दिवाबत्ती, बाजार, घरबांधणी यांसारख्या साध्या गोष्टींतही अखेरचा शब्द सेनाधिकाऱ्याचा राहतो. या दुसऱ्या प्रकाराचे गुणदोष अहमदनगरात विशेष स्पष्ट दिसतात, कारण येथे नगरपालिकेचे शहर व छावणी एकमेकांना लागून वाढली.

भिंगार हे गाव अहमदनगर शहराहून जुने आहे. मलिक अहमद निजामशाहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या परिसरातच आपली राजधानी वसविली. ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने प्रथम पेठ व नंतर १२ ऑगस्ट रोजी किल्ला शिंद्यांकडून घेतला. १८१७ च्या पुणे तहानंतर किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या आसपास फौजेचा तळ स्थिरावला. पुढे पहिल्या महायुद्धकाळात येथे जर्मन नागरिकांसाठी स्थानबद्धता-तळ होता. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य किल्ल्यात बंदिवान होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये येथे चिलखती दलाचे केंद्र व प्रशालाही आली. शहराची नगरपालिका मात्र १८५४ मध्ये, १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमान्वये स्थापन झाली व २००३ मध्ये तिची महानगरपालिका झाली. अशा रीतीने दीडशेहून अधिक वर्षे एकाच लोकवस्तीच्या दोन भागांना दोन वेगळे कायदे लागू राहिले.

छावणीचे स्थानिक शासन नागरी हक्कांच्या मागणीतून जन्मलेले नाही. ते सैनिकांच्या आजारपणातून जन्मले. १८५७ नंतर भारतातील युरोपीय सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ च्या आपल्या अहवालात या सैनिकांचे वार्षिक मृत्युमान हजारी ६९ असल्याचे दाखवून दिले. यातील बहुसंख्य मृत्यू लढाईत नव्हे, तर ताप, अतिसार, पटकी व यकृतविकार यांनी घडत. बराकी कितीही स्वच्छ ठेवल्या, तरी लगतच्या बाजारातील विहिरी, उकिरडे, दारूची दुकाने व वेश्यावस्ती यांवर ताबा असल्याशिवाय रोग हटणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. १८६४ चा छावणी अधिनियम हे त्याचे फलित होय. त्याने छावणी दंडाधिकारी हे पद पक्के केले. हा बहुधा लष्करी अधिकारीच असे आणि न्यायदान, आरोग्य व बाजार यांचा कारभार त्याच्या हाती एकवटे. तक्रार ज्याच्याविरुद्ध, न्यायही त्याच्याकडेच, अशी ही स्थिती होती. १८८९ व १९१० च्या अधिनियमांनी नियमांची बांधणी केली. पण लोकांनी निवडलेल्या सदस्याला त्यांत स्थान नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर छावणीवासी नागरिकांच्या संघटित मागणीमुळे १९२४ चा अधिनियम आला. त्याने दंडाधिकाऱ्याची एकहाती सत्ता संपविली आणि निर्वाचित सदस्य असलेल्या कटक मंडळांची तरतूद केली. मात्र नियुक्त सदस्यांचे पारडे किंचित जड ठेवण्याची दक्षता घेतली. हा अधिनियम स्वतंत्र भारतातही ऐंशीहून अधिक वर्षांपर्यंत, म्हणजे १८ डिसेंबर २००६ रोजी नवा अधिनियम अंमलात येईपर्यंत, चालू राहिला.

२००६ च्या अधिनियमाने लोकसंख्येनुसार मंडळांचे चार वर्ग पाडले. दहा ते पन्नास हजार लोकवस्तीच्या दुसऱ्या वर्गात सात निर्वाचित व सात पदसिद्ध वा नियुक्त सदस्य असतात. ठाण्याचा प्रमुख सेनाधिकारी हा पदसिद्ध अध्यक्ष असतो. त्याच्याबरोबर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता व दोन लष्करी अधिकारी बसतात. उपाध्यक्ष निर्वाचित सदस्य आपल्यातून निवडतात. स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव आहेत. स्थानिक खासदार व आमदार यांना विशेष निमंत्रित म्हणून येता येते, पण मत देता येत नाही. दोन्ही बाजू समसमान दिसल्या, तरी मते समान पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत असते. त्याहून महत्त्वाचा अधिकार १९२४ पासून चालत आलेला आहे : मंडळाचा एखादा निर्णय सैनिकांचे आरोग्य, हित किंवा शिस्त यांना बाधक आहे असे अध्यक्षाला वाटल्यास कारणे नोंदवून तो त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतो व प्रकरण कमांडच्या मुख्य सेनाधिकाऱ्याकडे पाठवितो. अहमदनगरच्या बाबतीत हे अधिकारी पुण्यास, दक्षिण कमांडच्या मुख्यालयात असतात. या अधिकाराचा प्रत्यक्ष वापर वारंवार होत नसेलही. परंतु तो आहे एवढ्या जाणिवेनेच सभेतील चर्चेचा कल पुष्कळदा ठरतो.

या पद्धतीचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जबाबदारी कोणाची, हे येथे निश्चित असते. मुख्य कार्यकारी अधिकारी भारतीय संरक्षण संपदा सेवेतील प्रशिक्षित अधिकारी असतो व त्याची नेमणूक स्थानिक गटबाजीवर अवलंबून नसते. लेखापरीक्षण, जमिनीची नोंदवही, इमारतींचे नकाशे यांत एक प्रकारची चिकाटी दिसते. त्यामुळे शहरांतून झपाट्याने नाहीशी झालेली मोकळी मैदाने, वृक्षराजी व रुंद रस्ते छावण्यांत टिकून राहिले. साथीच्या काळात लष्करी वैद्यकीय यंत्रणेचे साहाय्य जवळ असते. प्राथमिक शाळा व रुग्णालय चालविणे मंडळांना बऱ्याच नगरपालिकांपेक्षा बरे जमले. तथापि छावणीच्या स्वच्छतेची जी ख्याती आहे, तिची वाटणी नीट केली पाहिजे. विरळ वस्तीच्या बंगल्यांचा व बराकींचा भाग मुख्यतः लष्करी अभियांत्रिकी सेवेच्या देखभालीखाली असतो. भिंगारसारख्या दाट बाजारवस्तीत गटारे, पाणी व गाळ यांच्या अडचणी शेजारच्या शहरासारख्याच असतात. बंगल्यांच्या भागाचे श्रेय मंडळाला देणे आणि बाजाराचा दोष नागरिकांना देणे, ही चूक पाहणारे नेहमी करतात.

दोषांचे मूळ जमिनीत आहे. कंपनी सरकारने सुरुवातीस छावणीत बंगले बांधण्याची परवानगी दिली, ती जमिनीची मालकी न देता. बंगाल इलाख्यात १८३६ च्या आदेशाने ही अट स्पष्ट केली : जमीन सरकारची, इमारत तेवढी धारकाची, आणि सरकारने एक महिन्याची सूचना देऊन इमारतीची भरपाई चुकती केली, की जागा परत घेता येते. मुंबई इलाख्यातील नियमही याच धर्तीचे होते. याला ‘जुने अनुदान’ असे म्हणतात. पुढे भाडेपट्ट्याचे प्रकार आले. शिवाय घर-निवास अधिनियमाने (१९०२ व १९२३) लष्करी अधिकाऱ्यांसाठी खाजगी घरे ताब्यात घेण्याची मुभा दिली. परिणामी छावणीतील पुष्कळ घरमालक पिढ्यान्‌पिढ्या राहूनही जमिनीचे मालक नाहीत. घर विकणे, वारसांच्या नावे करणे, त्यावर कर्ज काढणे किंवा मजला चढविणे यांसाठी परवानगी व अभिलेखांची छाननी लागते आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळते. कुटुंब वाढते, घर वाढत नाही. मग बांधकाम परवानगीवाचून होते आणि नोटीस येते. नागरिक कायदा मोडतो हे खरे, पण कायदा पाळून त्याला राहता येईल अशी सोयही व्यवस्थेने केलेली नसते. निर्वाचित सदस्याला याबाबत फार थोडे करता येते, कारण संरक्षण खात्याच्या जमिनीविषयीचे प्रश्न मंडळाच्या कक्षेबाहेर, संरक्षण संपदा अधिकाऱ्याच्या व मंत्रालयाच्या हाती असतात. लोक ज्याला मत देतात त्याच्याकडे नेमका तोच प्रश्न सोडविण्याची सत्ता नसते.

दुसरी अडचण संविधानाच्या रचनेतून येते. छावण्यांचे सीमांकन व तेथील स्थानिक स्वराज्य हा संघसूचीतील तिसऱ्या क्रमांकाचा विषय आहे. साहजिकच राज्यशासनाच्या नगरविकास योजना, अनुदाने व गृहनिर्माणाचे कार्यक्रम छावणीच्या सीमेपाशी थबकतात. रस्त्याच्या एका बाजूच्या कुटुंबाला जे मिळते, ते दुसऱ्या बाजूच्या कुटुंबाला मिळत नाही. २००६ च्या अधिनियमाने अनुदाने व केंद्रीय योजना यांपुरते मंडळाला नगरपालिका मानले आहे. तरीही व्यवहारातील अंतर पुरतेपणी मिटले नाही. छावणीतील सर्वांत मोठी मालमत्ता केंद्र सरकारची असते व संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदामुळे तिच्यावर कर बसत नाही. कराऐवजी सेवाशुल्क देण्याची पद्धत आहे, पण त्याची थकबाकी हे मंडळांचे जुने गाऱ्हाणे होय. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवाकर आल्यावर जकात व तत्सम करांवर विसंबून असलेल्या मंडळांचा उरलासुरला आधारही गेला. पाणी पुष्कळ ठिकाणी लष्करी अभियांत्रिकी सेवेकडून ठोक दराने घ्यावे लागते. ते किती व केव्हा मिळावे, हे ठरविताना नागरी वस्तीचा क्रम दुसरा लागतो.

तिसरा दोष व्यक्तिस्वातंत्र्याशी निगडित आहे. १८६४ च्या अधिनियमाखालील नियमांनी वेश्यांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी रूढ केली आणि तिच्यावर इंग्लंडातही मोठे वादळ उठले. १९२४ च्या अधिनियमात राजद्रोही ठरविलेल्या व्यक्तीस छावणीबाहेर घालविण्याचा अधिकार होता. आपल्याच गावातून हद्दपार होण्याची भीती असलेल्या माणसाने राजकीय चळवळीत पडावे, ही अपेक्षा जास्तच होती. स्वातंत्र्यानंतर सुरक्षिततेच्या कारणासाठी रस्ते बंद करण्याचा प्रश्न पुढे आला. मे २०१८ मध्ये देशातील अनेक छावण्यांतील बंद रस्ते खुले करण्याचा आदेश संरक्षण मंत्रालयाने दिला. त्यावर नागरिकांनी समाधान व्यक्त केले, तर लष्करी कुटुंबांनी चिंता. दोन्ही भावना समजण्याजोग्या होत्या आणि दोहोंचा मेळ घालणारी अधिकृत जागा खरे तर कटक मंडळच असावयास हवी होती.

लोकनियुक्त अंग किती सहज बाजूला ठेवता येते, याचा प्रत्यय अलीकडच्या वर्षांत आला. जानेवारी २०१५ मध्ये निवडून आलेल्या मंडळांची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. ती वाढवून फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली. त्यानंतर निवडणुका न घेता अधिनियमातील विशेष कलमान्वये मंडळांची रचना बदलण्यात आली : ठाण्याचा प्रमुख, मुख्य कार्यकारी अधिकारी व सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य, असे त्रिसदस्य मंडळ. मुळात हे कलम लष्करी हालचालींसारख्या अपवादात्मक प्रसंगासाठी किंवा प्रशासनाच्या निकडीसाठी आहे. ३० एप्रिल २०२३ रोजी मतदान घेण्याचे जाहीर झाले होते. परंतु मार्चमध्ये ती अधिसूचना मागे घेण्यात आली. महापालिकेवर प्रशासक येतो तेव्हा शहरात निदान ओरड होते. छावणीत अध्यक्ष पूर्वीचाच, अधिकारी पूर्वीचेच. तेव्हा बदल झाला हे बऱ्याच रहिवाशांना अर्ज घेऊन कोणाकडे जावे असा प्रश्न पडेपर्यंत कळत नाही.

निवडणुका मागे घेण्यामागे छावण्यांतील नागरी भाग वेगळे काढून राज्यांच्या स्थानिक संस्थांत विलीन करण्याचे धोरण होते. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीचा दर्जा प्रथम काढून घेण्यात आला. भिंगारच्या संदर्भात महानगरपालिकेत समावेश की स्वतंत्र नगरपरिषद, असा वाद आहे. महानगरपालिकेत गेल्यास राज्याच्या योजना व मोठ्या यंत्रणेचा लाभ मिळेल, पण लहान वस्तीचा आवाज शहराच्या सभागृहात विरून जाईल. स्वतंत्र नगरपरिषद झाल्यास आवाज राहील, मात्र अपुऱ्या उत्पन्नाचा जुना प्रश्न नव्या नावाने परत येईल. विलीनीकरणाविषयी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने घालून दिलेल्या तत्त्वांनुसार नागरी सोयींसाठी उभारलेली मालमत्ता राज्याच्या संस्थेकडे विनामूल्य जाते व मंडळाचे येणे-देणेही तिच्याकडे वर्ग होते. जमिनीवरील केंद्र सरकारचा मालकी हक्क मात्र जेथे लागू असेल तेथे कायम राहतो. त्यामुळे जुन्या अनुदानावरील वा भाडेपट्ट्यावरील घरांचे धारक महानगरपालिकेचे मतदार झाले, तरी त्यांच्या पायाखालच्या जागेचा निर्णय दिल्लीतच व्हावयाचा आहे.