नारळीकरांनी नाव का लपवलं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते नारायण विनायक जगताप. पण असा माणूसच नव्हता! जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव बनवलं होतं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. बक्षीस मोठ्या शास्त्रज्ञाला नको, कथेला मिळावं, एवढाच हेतू.

हा नाद त्यांना केंब्रिजमधले उस्ताद फ्रेड हॉइल यांच्याकडून लागला असावा. हॉइल खगोलशास्त्रज्ञ, तरी १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली आणि १९६१ मध्ये बीबीसीच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ मालिकेच्या लेखनातही हात दिला. शागीर्दाने पुढे दूरदर्शनवर ‘ब्रह्मांड’ मालिकेतून घराघरात आकाश समजावलं.

आपल्या घरांत एक भीती असते: उर्दू किंवा मराठी शाळेत घातलं तर मुलाचं सायन्स कच्चं राहील. नारळीकरांचं शालेय शिक्षण बनारसला हिंदीतून झालं, मग केंब्रिज. आणि कथा लिहिल्या त्या मराठीत.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला ९४वं साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणून द्या. अडलेले शब्द सोबत बसून उर्दूत सांगितले तरी चालतील.